दोन मिनिटे उशिरा आलेला वेगनिर्बंध

१८ जुलै २०२४ च्या दुपारी चंदीगडहून दिब्रुगडकडे निघालेली एक्स्प्रेस उत्तर प्रदेशातील गोंडा जिल्ह्यात, मोतीगंज आणि झिलाही या स्थानकांदरम्यान रुळांवरून घसरली. चार जणांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. आमच्या शहराचे नाव घेऊन धावणारी गाडी म्हणून चंदीगडमध्ये ही बातमी काही दिवस अधिक आपुलकीने वाचली गेली. पुढे ती नेहमीप्रमाणे मागे पडली. मला मात्र रेल्वे अधिकाऱ्यांच्या संयुक्त तपासणी अहवालातील काही वेळा विसरता आलेल्या नाहीत. वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार रुळातील दोष दुपारी दीडच्या सुमारास लक्षात आला होता. त्या जागेवरून गाड्या ताशी ३० किलोमीटर वेगाने न्याव्यात, असा लेखी निरोप मोतीगंजच्या स्टेशनमास्तरांकडे अडीच वाजता पोहोचला. एक्स्प्रेस मोतीगंजवरून दोन वाजून २८ मिनिटांनी पुढे गेली होती. दोन वाजून ३१ मिनिटांनी ती घसरली.

तपासणी पथकातील एका सदस्याने या निष्कर्षाशी असहमती नोंदवली होती, हे येथे सांगणे भाग आहे. परंतु बहुमताच्या अहवालातील एक मुद्दा कोणत्याही मतभेदापलीकडे विचार करायला लावतो. दोष आढळल्यापासून सावधानतेचा आदेश स्थानकात पोहोचेपर्यंत ती जागा संरक्षित करायला हवी होती, म्हणजे कोणीतरी लाल बावटा घेऊन तेथे उभे राहायला हवे होते, आणि तसे झाले नाही. दोष सापडला होता, त्यावरचा उपाय ठाऊक होता आणि तो अंमलातही येऊ घातला होता. मधला एक तास कोणाचाच नव्हता.

रेल्वेच्या परिभाषेत या निर्बंधाला ‘कॉशन ऑर्डर’ म्हणतात. लोको पायलटच्या हाती पडणाऱ्या त्या कागदावर कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत कोणता वेग ओलांडायचा नाही, एवढेच लिहिलेले असते. प्रवाशाला त्यातले काही दिसत नाही. मोकळ्या माळावर गाडी कारण नसताना रेंगाळते, शेजारचा सहप्रवासी सरकारला दोन शब्द सुनावतो, आणि दहा मिनिटांनी गाडी पुन्हा वेग घेते. अनेक वर्षे सार्वजनिक वाहतुकीवर लिहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हे रेंगाळणे आपल्या सार्वजनिक जीवनातील फार थोड्या प्रामाणिक कबुल्यांपैकी एक आहे. रेल्वे त्या जागी म्हणत असते की येथे काम राहिले आहे आणि ते होईपर्यंत मी वेगाची हमी देऊ शकत नाही. रस्ता असे कधी म्हणत नाही.

रूळ हा बाहेरून निर्विकार दिसणारा, पण सतत बदलणारा पदार्थ आहे. प्रत्येक चाकाबरोबर त्याचा माथा सूक्ष्म प्रमाणात झिजतो, आत केसासारखी भेग जन्म घेते, खालची खडी दळली जाऊन तिच्यात माती शिरते, आणि पावसाचे पाणी निघून जाण्याऐवजी तेथेच मुरते. लांबच लांब जोडलेल्या रुळांना हवामानाचाही ताण असतो. चंदीगड-अंबाला पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. उन्हात रूळ प्रसरण पावून वाकू पाहतो, थंडीत आकसून तडकू पाहतो. म्हणून रुळांचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, त्यांवरून गेलेल्या वजनात मोजतात. ६० किलो वजनी प्रमाणित रुळासाठी ही मर्यादा ८० कोटी टनांची मानली जाते. त्याआधी त्याची वारंवार अल्ट्रासोनिक तपासणी व्हावी लागते, खडी चाळावी लागते, रूळ पुन्हा सरळ रेषेत आणावा लागतो. यांपैकी जवळपास प्रत्येक कामासाठी गाड्या थांबवाव्या लागतात. मुंबईकर ज्या रविवारच्या मेगाब्लॉकला वैतागतो, तो नसता तर सोमवारची लोकल त्याला आजच्या वेगाने मिळाली नसती.

हा निर्बंध वेळेवर लावला, पण त्यामागचे काम केलेच नाही, तर काय होते याचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील बॉस्टनचे आहे. तेथील भुयारी रेल्वे देशातील सर्वांत जुनी. १८९७ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. वर्षानुवर्षे विस्ताराच्या घोषणा होत राहिल्या आणि देखभाल पुढे ढकलली गेली. २०२२ मध्ये केंद्रीय यंत्रणेने सुरक्षेची विशेष तपासणी केली, त्याच उन्हाळ्यात एक संपूर्ण मार्ग ३० दिवस बंद ठेवण्यात आला. तरीही मार्च २०२३ मध्ये रुळांच्या दुरुस्तीच्या नोंदींमध्ये त्रुटी आढळल्या, आणि कोणता तुकडा खरोखर दुरुस्त झाला आहे हे खात्रीने सांगता येईना, तेव्हा एका रात्रीत सर्व भुयारी मार्गांवर सरसकट वेगनिर्बंध लादावा लागला. लोक चालत लवकर पोहोचू लागले, असे विनोद सुरू झाले. नंतर फिलिप इंग या अभियंत्याकडे सूत्रे आली. त्यांनी वर्षभराचे वेळापत्रक आधीच जाहीर करून एकेक मार्ग काही काही दिवस पूर्ण बंद ठेवला, रूळ बदलले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण जाळे वीसहून अधिक वर्षांत प्रथमच वेगनिर्बंधमुक्त झाले. मला या कथेतील तंत्रज्ञानापेक्षा एका साध्या गोष्टीचे अप्रूप वाटते. कोणत्या किलोमीटरवर, किती दिवसांपासून, कोणत्या कारणाने गाडी हळू चालते, हे तेथील प्रवाशाला संकेतस्थळावर पाहता येत होते. त्यामुळे त्याच्या रागाला निश्चित पत्ता मिळाला, आणि प्रशासनाला कामाचा क्रम ठरवावा लागला.

आता रस्त्याकडे पाहू, आणि त्यासाठी चंदीगडपेक्षा योग्य शहर नाही. ल कॉर्बुझिए यांनी या शहराची आखणीच सात प्रकारच्या रस्त्यांवर केली. शहरांना जोडणाऱ्या महामार्गापासून घराच्या दारापर्यंत जाणाऱ्या गल्लीपर्यंत प्रत्येकाला ‘व्ही’ आणि एक क्रमांक. रेल्वे स्थानक मात्र शहराच्या पूर्व कडेला, जवळजवळ आखणीबाहेर राहिले. पहिल्या ३० सेक्टरांचा टप्पा दीड लाख लोकसंख्येसाठी आणि पूर्ण शहर पाच लाखांसाठी कल्पिलेले होते. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली, आणि नोंदणीकृत वाहनांची संख्या आज लोकसंख्येशी स्पर्धा करते. रस्ते रुंद, सावली दाट, चौक देखणे. त्यामुळे या रस्त्यांचीही झीज होते, हे मान्य करायला आम्हा चंदीगडकरांना बरीच वर्षे लागली.

ते मान्य करायला लावले पैशाने. २०२४ मध्ये आमच्या महापालिकेची आर्थिक कोंडी इतकी वाढली की नवी कामे थांबवण्याची वेळ आली आणि रस्त्यांचे पुनर्डांबरीकरण रखडले. पुढे सेक्टरांभोवतीचे ‘व्ही-३’ रस्ते महापालिकेने सांभाळायचे की केंद्रशासित प्रशासनाने, यावर दीर्घ खल झाला. या काळात मी रोज ज्या रस्त्याने जातो तेथे खड्डा पडला, मोठा झाला, त्यात कोणीतरी विटांचे तुकडे टाकले, आणि पावसाने ते बाहेर काढले. वेगमर्यादेची पाटी पूर्वी होती तीच राहिली. या रस्त्याची प्रकृती बिघडली आहे, तो दुरुस्त होईपर्यंत येथे ताशी २० किलोमीटरहून अधिक वेग नको, असा आदेश काढण्याचे कर्तव्य कायद्याने कोणा अधिकाऱ्यावर प्रत्यक्षात टाकलेले दिसत नाही. दुचाकीस्वाराने स्वतः पाहावे, स्वतः सावरावे, आणि न सावरल्यास त्याची नोंद बहुधा ‘वाहनावरील नियंत्रण सुटले’ अशी होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसे मेली. त्या वर्षीच्या एकूण रस्ते-अपघाती मृत्यूंची संख्या १ लाख ६८ हजारांहून अधिक होती. गोंडा येथील चार मृत्यूंची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे गेली. हे पद मुद्दाम रेल्वे मंत्रालयाबाहेर, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहे, म्हणजे चौकशी करणारा चौकशी होणाऱ्याच्या हाताखाली नसतो. खड्ड्यांत मेलेल्या १,८५६ जणांसाठी असे कोणते स्वतंत्र पद आहे? रेल्वेवर आपण अधिक कठोर आहोत हे योग्यच आहे. तीच कठोरता रस्त्यांच्या वाट्याला का येत नाही, याचे उत्तर मला हिशेबाच्या पद्धतीत सापडते.

रेल्वेत रूळ, गाडी आणि वाहतूक यांचा मालक एकच असतो. देखभाल टाळली तर तिची किंमत त्याच वहीत, उशिराच्या, अपघाताच्या किंवा वेगनिर्बंधाच्या रूपात उमटते. रस्त्याची वही मात्र फाडून वाटलेली असते. डांबराचा खर्च महापालिकेचा, टायरचा माझा, शॉकॲब्सॉर्बरचा रिक्षावाल्याचा, मणक्याचा डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा, आणि वाया गेलेल्या इंधनाचा अंशतः संपूर्ण देशाचा. एकत्र बेरीज कुठेच होत नाही. म्हणून रस्ता स्वस्त दिसतो आणि रेल्वे महाग दिसते.

शिवाय रस्ता खराब कोण करतो, याबद्दलही आपली समजूत कच्ची आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात केलेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून असे दिसले की रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. हा ठोकताळा आहे, निसर्गनियम नव्हे. पण रस्ते-अभियांत्रिकी आजही त्याच्या आधाराने चालते. अर्ध्या टनाचा आस असलेली मोटार आणि दहा टनांचा आस असलेला मालट्रक यांची तुलना केली तर ट्रकच्या एका आसाचे नुकसान मोटारीच्या आसाच्या १ लाख ६० हजार पट भरते. आता याच गणिताने आपला एक निर्णय तपासून पाहा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहनांच्या चार टायरी एकेरी आसावरील कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. वाढ जेमतेम १३ टक्क्यांची. चौथ्या घाताने मोजली तर प्रत्येक आसामागे रस्त्याचे नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. त्या निर्णयाने मालवाहतूक स्वस्त झाली हे खरे, आणि तो घेण्यामागे तर्कही होता, कारण अतिरिक्त भार बेकायदा वाहिला जातच होता. पण रस्त्यांच्या देखभालीचा निधी त्या प्रमाणात वाढवावा, अशी चर्चा मी तेव्हा ऐकली नाही. हिमाचलकडे जाणारी-येणारी जड वाहने आमच्या मध्य मार्गाने आणि दक्षिण मार्गाने जातात, तेव्हा त्या निर्णयाचा हप्ता चंदीगड फेडत असते.

रेल्वेने हेच आधी केले होते. २००५ पासून मालडब्यांतून पूर्वीपेक्षा काही टन अधिक माल नेण्याची परवानगी देण्यात आली. उत्पन्न वाढले, व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत त्याचे कौतुक झाले. रुळांवर पडलेल्या जादा भाराचा खर्च पुढच्या पिढीतील अर्थसंकल्पांवर गेला.

आणि त्या अर्थसंकल्पांत काय घडले? जुनी मालमत्ता बदलण्यासाठी रेल्वेकडे घसारा राखीव निधी आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालांनुसार या निधीत २०१९-२० मध्ये ४०० कोटी आणि २०२०-२१ मध्ये २०० कोटी रुपये टाकण्यात आले, तर बदलण्यास झालेल्या मालमत्तेचा अनुशेष सुमारे ९५ हजार कोटींचा होता. घसाऱ्यासाठी कमी तरतूद केली की त्या वर्षीचा खर्च कमी दिसतो, आणि रुपयामागे किती पैसे खर्च झाले हे सांगणारे प्रसिद्ध गुणोत्तर शंभरच्या आत राहते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये सुरक्षेसाठी पाच वर्षांत १ लाख कोटी रुपयांची गरज सांगितली होती. पाच वर्षांनी, २०१७-१८ मध्ये, तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल्वे सुरक्षा कोष स्थापन झाला. त्यात रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून दरवर्षी पाच हजार कोटी घालायचे होते. पहिल्या चार वर्षांच्या २० हजार कोटींपैकी १५,७७५ कोटी आलेच नाहीत, असे महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सादर झालेल्या अहवालात नोंदवले. जे आले त्यातील काही पैसा सुरक्षेशी संबंध नसलेल्या वस्तूंवर गेल्याचेही त्यांना आढळले. त्याच अहवालात रूळ-नूतनीकरणाची तरतूद २०१८-१९ मधील ९,६०७ कोटींवरून पुढल्या वर्षी ७,४१७ कोटींवर आल्याची नोंद आहे.

न्यायाने सांगायचे तर त्यानंतर चित्र सुधारले आहे. रूळ-नूतनीकरणाची तरतूद २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात १७ हजार कोटींच्या पुढे गेली. मोठ्या अपघातांची संख्या २०१४-१५ मध्ये १३५ होती, ती २०२३-२४ मध्ये ४० वर आली. रेल्वेमंत्री हे आकडे वारंवार सांगतात, आणि ते सांगण्यासारखे आहेत. परंतु पैसा आला तरी वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न उरतो. महालेखापरीक्षकांनी रुळांची यंत्रे निष्क्रिय उभी का राहिली याची कारणे तपासली, तेव्हा ३२ टक्के प्रसंगी वाहतूक विभागाने ब्लॉकच दिला नव्हता आणि ३० टक्के प्रसंगी विभागांनी त्याचे नियोजनच केले नव्हते. कोट्यवधींचे यंत्र बाजूच्या रुळावर उभे, कामगार हजर, आणि गाडी सोडण्याची घाई असल्यामुळे मार्ग मोकळा नाही. २०२३ च्या अखेरीस नियमांत बदल करून ५२ आठवड्यांपर्यंतचे ब्लॉक आधीच आखण्याची तरतूद झाली, हे योग्य पाऊल आहे. मात्र गजबजलेल्या मार्गांवर क्षमतेहून अधिक गाड्या चालवायच्या आणि दर अर्थसंकल्पानंतर आणखी गाड्यांना हिरवा झेंडा दाखवायचा, हा आपला राजकीय शिष्टाचार त्या आराखड्याला कितपत टिकू देईल? वक्तशीरपणाचा आकडा रोज मोजला जातो आणि त्यावरून अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. अशा व्यवस्थेत वेगनिर्बंध लावणारा कनिष्ठ अभियंता हा सर्वांची अडचण करणारा माणूस ठरतो. गोंड्याच्या त्या एका तासाचा विचार करताना मला नेहमी हे आठवते.

आता चंदीगड मेट्रोकडे येतो, कारण आमच्याकडे हा वाद पुन्हा तापला आहे. दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने २०१२ च्या सुमारास पहिला सविस्तर आराखडा दिला. खर्च परवडणार नाही आणि शहराचे रूप बिघडेल, या आक्षेपांपुढे तो २०१७ मध्ये गुंडाळला गेला. २०२३ मध्ये पंचकुला आणि मोहालीसह नव्या मेट्रोचा विषय पुन्हा पुढे आला, ‘राइट्स’ने अभ्यास केला, आणि तेव्हापासून वारसा-सेक्टरांतून ती जमिनीखालून न्यावी की खांबांवरून, यावर आम्ही भांडत आहोत. मी स्वतः मेट्रोच्या बाजूचा आहे. हे शहर आणखी मोटारी सामावून घेऊ शकत नाही, आणि ट्रिब्यून चौकातील नियोजित उड्डाणपुलासाठी झाडे तोडावीत की नाही, हा वाद वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात अडकून पडल्याचे आम्ही पाहिले आहे. तरीही मेट्रोच्या समर्थकांशी माझे एक भांडण आहे. त्यांच्या बोलण्यात उभारणीचा खर्च असतो, प्रवासीसंख्येचे अंदाज असतात, उद्‌घाटनाचे वर्ष असते. पंधराव्या वर्षाबद्दल कोणी बोलत नाही.

पंधराव्या वर्षी डब्यांची मध्यायुष्य दुरुस्ती येते, सिग्नलची यंत्रणा जुनी होते, सुटे भाग बनवणारी कंपनी ते मॉडेल बंद करते. मुंबईची मोनोरेल या बाबतीत इशारा म्हणून पुरेशी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन डब्यांना आग लागली आणि सेवा सुमारे दहा महिने बंद राहिली. परदेशी कंत्राटदाराशी करार संपल्यावर डबे आणि सुटे भाग मिळवणे हेच काम होऊन बसले. ऑगस्ट २०२५ च्या पावसात प्रवासी भरलेली गाडी उंचावर अडकली. आणि पुढल्याच महिन्यात नूतनीकरणासाठी सेवा स्थगित करावी लागली. दिल्लीची मेट्रो तुलनेने कितीतरी शिस्तबद्ध, पण तेथेही २००९ ते २०१७ या काळात भाडे वाढले नाही आणि त्यानंतरची वाढ ऑगस्ट २०२५ मध्ये झाली. दर काही वर्षांनी निवडणूक असते, म्हणून भाडे गोठते. भाडे गोठले की पहिली कात्री प्रवाशाला न दिसणाऱ्या खर्चाला लागते. ५ डिसेंबर २०२४ रोजी दिल्लीच्या ब्लू लाइनवर मोतीनगर आणि कीर्तीनगरदरम्यान चोरांनी सिग्नलची केबल कापून नेली, तेव्हा त्या मार्गावरील गाड्या दिवसभर मंद वेगाने धावल्या. केबल रात्री सेवा थांबल्यावरच बदलता आली. एका तुकड्याच्या केबलने लाखो लोकांचा दिवस कसा लांबतो, हे त्या दिवशी राजधानीने अनुभवले. अशा वेळी कोणी संताप करून घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पण सिग्नलविना गाड्या पूर्ण वेगाने सोडल्या नाहीत, हेही त्याच दिवसाचे सत्य आहे.

म्हणून चंदीगडच्या मेट्रोचा जो आराखडा केंद्राकडे जाईल, त्यात मला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, पहिल्या दिवसापासून भाडे आणि जमिनीच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा नूतनीकरणाच्या स्वतंत्र खात्यात जाईल आणि तो वळवण्यासाठी विधिवत जाहीर आदेश लागेल, अशी तरतूद. दुसरी, प्रत्येक वेगनिर्बंध, त्याचे ठिकाण, कारण आणि अपेक्षित दुरुस्तीची तारीख प्रवाशांसाठी प्रसिद्ध करण्याचे बंधन. भारतीय रेल्वे हे आजही करू शकते. आदेश निघतात, संगणकात असतात, फक्त बाहेर येत नाहीत. रस्त्यांसाठीही काही अवघड नाही. मध्य मार्गाच्या प्रत्येक किलोमीटरवर शेवटचे डांबरीकरण केव्हा झाले आणि पुढचे केव्हा होणार, याची पाटी लावायला किती खर्च येईल? उड्डाणपुलांच्या कोनशिलांवर मान्यवरांची नावे कोरण्यात आपण हात आखडता घेत नाही.

हे मी काही महिन्यांपूर्वी एका निवृत्त रेल्वे अभियंत्यांशी बोलताना सांगितले. ते थोडे हसले आणि म्हणाले, वेगनिर्बंध प्रसिद्ध केलेत तर पहिल्या वर्षी त्यांची संख्या कमी दिसेल, कारण ते लावायलाच लोक कचरतील. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. निर्बंध लावणाऱ्याला वक्तशीरपणाच्या आकड्यातून सूट आणि न लावणाऱ्याला जाब, ही अट मी त्या दिवसापासून माझ्या मागण्यांत तिसरी म्हणून जोडली आहे.